कु. चिंगी, वय ३

औषधाच्या दुकानातल्या मुलानं चिठ्ठीवरची नजर न उचलता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"चिंगी."

"पूर्ण नाव?"

"एवढंच आहे."

"वय?"

"तीन."

"वजन... तीन किलो दोनशे?" आता मात्र त्यानं वर बघितलं. रात्रीचे पावणेदोन वाजले होते. माझ्या कुर्त्यावर लाळेचे वाळलेले डाग होते आणि केसांत मांजराची लव. त्याच्या चेहऱ्यावर जे काही आलं, ते बघून मी घाईघाईनं म्हटलं, "मांजर आहे हो."

त्याचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. मग तो आत गेला, फ्रिज उघडून परत मिटला, कुठल्यातरी खालच्या खणातून अ‍ॅसिटिलसिस्टीनच्या इंजेक्शनांचं खोकं काढलं आणि म्हणाला, "हे माणसांचं आहे पण." मी म्हटलं, माहीत आहे. बिलावर संगणकानं आपणहून 'कु.' लावलं. कु. चिंगी, वय ३. ते बिल अजून आहे. कुठे आहे ते पुढे सांगते.

त्या शुक्रवारी मी ऑफिसातून आठला घरी आले. चिंगी पलंगाखाली होती. दोन दिवसांपूर्वी सोसायटीतल्या एका बोक्यानं तिला शेपटीच्या मुळाशी चावलं होतं. तिथे गळू धरलं होतं आणि शनिवारी सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं होतं. आजारी मांजर पलंगाखाली जातं, त्यात विशेष काही नाही, म्हणून मी जेवले, भांडी आवरली. साडेदहाला वाकून बघितलं तर ती तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. कुत्रं जिभेनं धापा टाकतं, ते त्याचं रोजचंच. मांजर तसं करत नाही. मांजर तोंडानं श्वास घ्यायला लागलं की समजावं, वेळ फारसा उरलेला नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त ते विचित्र वाटलं. बाहेर ओढली तर चेहरा सुजलेला, पुढचे पंजे सुजून टम्म झालेले, हनुवटीवरून लाळेची तार. ओठ वर करून बघितलं. हिरड्या गढूळ तपकिरी, पावसाळ्यात नळाला पहिल्यांदा येतं त्या पाण्यासारख्या.

आमच्या डॉक्टरांचा फोन बंद. त्यात त्यांचा काही दोष नाही. एकटा माणूस सकाळ-संध्याकाळ दवाखाना चालवतो, त्यानं रात्री झोपायचं नाही का? दुसरा एक नंबर वाजत राहिला. तिसऱ्या ठिकाणी एका मुलीनं पहिल्या रिंगला उचलला आणि मी हिरड्यांचा रंग सांगितल्याबरोबर म्हणाली, "ताई, पत्ता पाठवते. निघा. वाटेत तिला काही पाजू नका, दाबून धरू नका." म्हात्रे पुलापलीकडे, चोवीस तास चालणारा दवाखाना.

पिंजरा माळ्यावर होता. तो काढेपर्यंत अण्णा, माझे वडील, शर्ट घालून, टोपी चढवून दारात उभे. वय एकोणऐंशी. "तुम्ही कशाला?" "चल." एवढंच. त्यांच्या खिशात काहीतरी फुगलं होतं, मी लक्ष दिलं नाही. रिक्षावाल्या काकांनी आधी "कुत्रं नाही ना?" विचारलं, मग "मांजर बाहेर येणार नाही ना?" विचारलं आणि मग नळस्टॉपपर्यंत एकाही खड्ड्यात चाक घातलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टर तिशीच्या आतल्या होत्या. पिंजरा हातातून घेतला तो थेट आत, ऑक्सिजनच्या काचपेटीत. नाव, गाव, फॉर्म सगळं नंतर. मग बाहेर येऊन उभ्यानंच विचारलं, "काही औषध दिलंय का घरी?"

"नाही."

"उंदराचं औषध ठेवलंय घरात? फिनेल चाटलं? लिलीची फुलं आणली होती का कुणी?" (लिलीच्या नुसत्या परागकणांनी मांजराची मूत्रपिंडं जातात, हेही मला त्या रात्री कळलं. आपल्याकडे पुष्पगुच्छात सर्रास असते ती.)

"नाही, नाही."

"कसलीच गोळी नाही? नक्की?"

"नक्की," मी जरा चिडूनच म्हटलं. मला वाटलं, ही आपल्याला अडाणी समजते आहे.

मागून अण्णांचा आवाज आला. "अर्धी दिली होती."

मी वळून बघितलं. टोपी हातात होती.

"तापाची. दुधातून. कान फार गरम लागत होते तिचे."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. "किती वाजता, आजोबा?"

"चार. सव्वाचार."

"पाचशेची का साडेसहाशेची?"

"पाचशेची. पण थोडी थुंकली तिनं. फेस काढला."

"फार बरं झालं," डॉक्टर म्हणाल्या आणि आत पळाल्या. थुंकली ते, की अण्णांनी सांगितलं ते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

आमच्या घरात औषधांचा एक डबा आहे, बिस्किटांचा, निळा. २०२१ च्या एप्रिलपासून तो फ्रिजवर आहे आणि त्यात भर पडत राहते. आईच्या वेळचा ऑक्सिमीटरही त्यातच. ताप आला की पॅरासिटामॉल, हे आपल्या प्रत्येक घरात इतकं मुरलंय की त्याला आपण औषधसुद्धा म्हणत नाही. 'काही औषध दिलंय का' या प्रश्नाला मी 'नाही' म्हटलं, ते अण्णांनी दिलेलं मला माहीत नव्हतं म्हणून. पण मी स्वतः दिलं असतं तरी कदाचित 'नाही'च म्हटलं असतं.

अण्णांनी हिशेबानं दिली होती. मोठ्या माणसाला एक, लहानाला अर्धी. डॉक्टरांनी नंतर त्यांना अगदी हळू सांगितलं की तीन किलोच्या बाळालासुद्धा अर्धी फार जास्त झाली असती, आणि ही तर बाळही नाही.

ही बाळ नाही. मला वाटतं, सगळी गोम इथेच आहे.

आपण प्राणी पाळतो आणि फार अभिमानानं म्हणतो, घरातलंच एक माणूस आहे हो ते. मीही म्हणत होते. चिंगीच्या वाढदिवसाला मी तिच्या नावानं शिरा केलाय (खाल्ला आम्हीच). पण तिच्या यकृताला आपण तिला काय समजतो याची काही खबर नसते. माणसाच्या शरीरात पॅरासिटामॉल गेलं की यकृत त्याला एक शर्करेसारखा रेणू चिकटवतं आणि मुकाट्यानं लघवीवाटे बाहेर घालवतं. या कामाला एक विकर (एन्झाइम) लागतं. मांजरात ते विकर बनवणारं जनुकच मोडकं आहे. एका चिंगीचं नाही, सगळ्या मार्जारकुळाचं. ताडोबातल्या वाघालाही पॅरासिटामॉल पचायचं नाही. कारण असं सांगतात की नुसत्या मांसावर जगणाऱ्या प्राण्याला झाडापाल्यातली विषं पचवायची वेळच येत नाही, तेव्हा ती यंत्रणा पिढ्यान्‌पिढ्या वापराविना गंजून गेली.

मग ते औषध दुसऱ्या वाटेनं जातं आणि त्यातून एक जहाल पदार्थ तयार होतो. तो रक्तावर येतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं लोह तो अशा अवस्थेत नेतो की त्याला प्राणवायू धरताच येत नाही. त्यातून मांजराचं हिमोग्लोबिन मुळातच नाजूक. गंधकाच्या ज्या जागांवर असा हल्ला होतो त्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन, कुत्र्यात चार आणि मांजरात आठ. खोलीत हवा भरपूर, फुप्फुसं धडधाकट, आणि मांजर गुदमरतंय, कारण रक्तात ती हवा उचलून न्यायला कुणी नाही. डॉक्टरांनी चिंगीच्या रक्ताचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाकून दाखवला. हवेवर रक्त लाल होतं. हा थेंब तसाच राहिला, पातळ काकवीसारखा.

अण्णांनी तेव्हा खिशातून ते फुगलेलं काढलं. ऑक्सिमीटर. "हा लावून बघता का?" डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्याकडे आहे आजोबा, आम्ही जिभेला लावतो, पण या विषबाधेत तो खोटं बोलतो. खरी पातळी कितीही खाली असो, आकडा पंचाऐंशीच्या आसपास अडकून बसतो. अण्णांनी तो परत खिशात ठेवला. आकडा बघत बसायची त्या यंत्राशी त्यांची जुनी ओळख आहे, त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

उतारा होता. तोही माणसांचाच, अ‍ॅसिटिलसिस्टीन. माणसानं पॅरासिटामॉल अतोनात घेतलं तर त्यालाही हाच देतात. दवाखान्यात एका डोसाचा साठा होता, तो दिला. पुढचे दर सहा तासांनी द्यायचे, ते आणायला मला मोठ्या इस्पितळासमोरच्या, रात्रभर उघड्या दुकानात पाठवलं. आपल्याकडचा प्राण्यांचा दवाखाना अर्धा असा माणसांच्या औषधांवरच चालतो. सलाइन तेच, भूल पुष्कळदा तीच, सापाचं प्रतिविष तर तंतोतंत तेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं ते एकच औषध घोड्याच्या रक्तातून काढतात. म्हणजे शेतावरच्या कुत्र्याला घोणस चावली तर त्याला वाचवतो घोडा, माणसाच्या दुकानातून.

मी परत आले तेव्हा बाहेरच्या खोलीत अण्णांखेरीज आणखी दोन बिऱ्हाडं होती. एक नवरा-बायको, मांडीवर पांढराशुभ्र पर्शियन बोका. ते तीन दिवस त्याला बद्धकोष्ठ समजत होते. तो मातीच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथत होता, म्हणून त्यांनी भोपळा उकडून घातला. झालं होतं असं की मूत्रमार्गात खडे अडकून लघवी तुंबली होती. बोक्यांची ही वाट इतकी अरुंद असते की वाळूच्या कणांएवढ्या खड्यांनीही बंद होते, आणि मग रक्तात पोटॅशियम वाढत वाढत शेवटी हृदयच थांबतं. दिवसा-दोन दिवसांचा खेळ. त्यांचा बोका तिसऱ्या दिवशीही जिवंत होता, कारण थेंब-थेंब तरी होत होती. बाई सारखी म्हणत होती, "मी त्याला भोपळा भरवला हो." माझ्या वडिलांनी काय भरवलं ते मी तिला सांगितलं नाही.

दुसरा होता एका इमारतीचा रखवालदार. तो आत नव्हता, पायरीवर होता. सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत दोनेक महिन्यांचं पिल्लू, गावठी, काळं. पार्व्हो. रक्ताची हगवण लागली की वास दारातूनच येतो. डॉक्टरांनी त्याला मुद्दाम बाहेर बसवलं होतं. हा विषाणू फरशीला, चपलेला लागला तर महिनोन्‌महिने जगतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. त्यांनी बाहेरच पिल्लाच्या पायात सुई लावली, सलाइनची बाटली ग्रिलला टांगली, हातमोजे बदलले, चप्पल बदलली, आत आल्या, चिंगीला बघितलं, परत चप्पल बदलली, बाहेर गेल्या. रात्रभर हे चालू होतं. पार्व्होला थेट मारणारं औषध दवाखान्यात नसतं. पाणी भरत राहायचं, उलटी थांबवायची आणि पिल्लाची स्वतःची ताकद येईपर्यंत त्याला ओढून न्यायचं. लस मात्र आहे. सहा-आठ आठवड्यांच्या वयात सुरू करतात, काहीशे रुपयांत होते.

रखवालदारानं पैसे किती होतील ते विचारलं. डॉक्टरांनी त्याला विचारलं, किती आहेत. त्याच्याकडे साडेसहाशे होते. त्यांनी तीनशे घेतले आणि पावती फाडली. ती पावती का फाडली यावर मी बराच विचार केलाय. फुकट केलं असतं तर तो उपकार झाला असता. पावतीमुळे तो गिऱ्हाईक झाला, आतल्या पर्शियनवाल्यांसारखाच.

मला जो कागद दिला त्यावर पहिल्या चोवीस तासांचा अंदाज होता, बारा ते पंधरा हजार. रक्त द्यावं लागलं तर वेगळं. खाली सही. कागद देताना डॉक्टरांनी विचारलं, "कुठपर्यंत जायचं, ते एकदा ठरवून ठेवा ताई." हा प्रश्न माणसांच्या इस्पितळात इतक्या उघडपणे कुणी विचारत नाही, तिथे तो भिंतीआड कुजबुजतात. इथे सरळ विचारतात आणि मला ते आवडलं, नंतर. तेव्हा मला त्यांचा राग आला. तोंडानं श्वास घेणाऱ्या जिवाची किंमत मी पेनानं कशी लिहू?

अण्णांना राग आला नाही. त्यांना हा प्रश्न लहानपणापासून ठाऊक होता. कोरेगावकडच्या त्यांच्या गावी बैलाचं पोट फुगलं तर आजोबा बांबूच्या नळीतून गोडं तेल पाजायचे. फारच झालं तर तालुक्याहून सायकलवर माणूस यायचा, त्याला सगळे डॉक्टरच म्हणायचे. घोड्याबैलांच्या वैद्याला मराठीत जुना शब्द आहे, सालोत्री. अण्णांच्या आजीच्या तोंडी तो होता. बैलावर किती खर्चायचं याचं गणित सोपं असायचं, कारण पेरणी त्याच्यावर होती. नवा बैल केवढ्याला, हा वाचला तर किती वर्षं ओढेल, वजाबाकी करा. त्यात प्रेम नव्हतं असं मुळीच नाही, बेंदराला त्याच बैलाला पुरणाची पोळी असायची. पण प्रेमाला टेकायला एक आकडा होता.

चिंगीला तो आकडा नाही. ती काही ओढत नाही, उंदीर धरत नाही, एकदा पाल धरली ती माझ्या उशीवर आणून ठेवली. तिचा उपयोग शून्य आणि म्हणून तिच्यावर किती खर्चायचं याला खालची मर्यादा नाही आणि वरचीही नाही. बहुतेक लोक मग लाजतात. एका टोकाला 'मांजरावर पंधरा हजार?' म्हणून लाजतात, दुसऱ्या टोकाला 'पैशाचा विचार केला' म्हणून लाजतात. मी त्या रात्री दोन्ही टोकांना जाऊन आले आणि सही केली.

पहाटे तीनच्या सुमाराला अण्णा बोलायला लागले ते परळबद्दल. १९६५ साली ते गावाहून मामाकडे परळला आले आणि गिरणीच्या हपिसात चिकटले. चाळीतून कामावर जाताना वाटेत बैलघोडा हॉस्पिटल लागायचं. खरं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. सर दिनशा पेटिटांनी १८८३ मध्ये पत्नीच्या नावानं काढलेलं. परळमध्ये ते नाव कुणी उच्चारत नसे. आत बैल आणि घोडे असतात, म्हणून बैलघोडा. मुंबईत घोड्यांच्या ट्राम १८७४ मध्ये सुरू झाल्या आणि प्राण्यांच्या छळाला आळा घालणारी संस्थाही त्याच साली निघाली, हा योगायोग मला अण्णांमुळे नाही, नंतर वाचताना सापडला. शहर जनावरांच्या पाठीवर चालत होतं आणि त्या पाठी सोलवटत होत्या. १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय आलं. अण्णांच्या वेळी ट्रामचे घोडे कधीच गेले होते, पण व्हिक्टोरिया बग्ग्यांचे होते. एक घोडा मोडक्या पायानं फाटकातून आत जायला तयारच होईना आणि त्याचा मालक रस्त्यात उभा राहून त्याच्याशी उर्दूत बोलत होता, ते त्यांनी बघितलं होतं. "काय बोलत होता?" "समजावत होता."

आता तिथून जवळच, महालक्ष्मीला टाटांचं प्राण्यांचं रुग्णालय उभं राहिलंय. जुलै २०२४ मध्ये सुरू झालं. पाच मजली, खर्च १६५ कोटी, चोवीस तास. त्याच्यामागची गोष्ट रतन टाटांनी स्वतः सांगितली होती. त्यांच्या कुत्र्याचा सांधा बदलायला त्यांना अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठापर्यंत जावं लागलं आणि तिथे पोचेपर्यंत उशीर झाला होता, त्यामुळे तो सांधा एका स्थितीत कायमचा बसवून टाकावा लागला. ज्यांना जगात काहीही विकत घेता आलं असतं, त्यांना वेळ मिळाली नाही. रुग्णालय उघडल्यावर तीन-साडेतीन महिन्यांतच ते गेले. बैलघोडा ते महालक्ष्मी हे अंतर तसं काहीच नाही. पण पहिल्या दवाखान्यात प्राणी यायचा तो त्याच्या कामामुळे, दुसऱ्यात येतो तो कुणाच्या तरी सोफ्यावर झोपतो म्हणून.

तरीही पुण्यात रात्री प्राण्यांचा डॉक्टर शोधताना तीन फोन करावे लागतात आणि कोरेगावला कदाचित एकही लागायचा नाही. १९६२ हा सरकारी क्रमांक आहे, फिरतं पशुवैद्यकीय पथक दारात येतं, पण ते मुख्यतः पशुपालकांच्या गाई-म्हशींसाठी, आणि ते योग्यच आहे. रात्रीच्या दवाखान्यातल्या त्या डॉक्टर शिरवळच्या कॉलेजच्या. साडेपाच वर्षांच्या अभ्यासात त्यांनी कोपरापर्यंत हात घालून म्हशी तपासल्या होत्या. वर्गातल्या बऱ्याच जणांचं ध्येय सरकारी नोकरी, त्यांना मात्र मांजरंच हवी होती. "म्हैस निदान ओरडते," त्या म्हणाल्या. "मांजर दुखणं लपवतं. जंगलात जो कण्हतो तो खाल्ला जातो ना."

पहाटे पाचला पिल्लू गेलं. रखवालदारानं पिशवीची घडी घातली, मग उलगडली, कारण पिल्लू तिच्यातूनच न्यायचं होतं. अण्णा उठून बाहेर गेले. ते दोघं पायरीवर काय बोलले मला माहीत नाही. परत आले तेव्हा अण्णांच्या बोटांना तंबाखूचा वास होता. त्यांनी वीस वर्षांपूर्वी सोडली होती.

चिंगीचं काकवीपण सकाळपर्यंत उतरलं, पण तिसऱ्या दिवशी दुसरं संकट आलं. त्या हल्ल्यात खराब झालेल्या तांबड्या पेशी शरीर स्वतःच मोडीत काढतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशींच्या कडेला फोड आल्यासारखे दिसतात. रक्तातल्या पेशींचं प्रमाण सोळा टक्क्यांवर आलं, तीसच्या वर असायला हवं. रक्त द्यावं लागणार होतं. आणि इथे परत ती माणूस नव्हती आणि कुत्रंही नव्हती. कुत्र्याला आयुष्यातलं पहिलं रक्त बहुधा कुठल्याही कुत्र्याचं चालून जातं. मांजरात 'ए' आणि 'बी' असे गट असतात, आणि 'बी' मांजराला 'ए'चं रक्त चढवलं तर पहिल्याच खेपेला, थोड्याशाच रक्तानं ते दगावू शकतं. जुळवून बघितल्याशिवाय एक थेंब नाही.

दवाखान्याचा स्वतःचा बोका होता. कुणीतरी कधीतरी सोडून गेलेला, आता पाच किलोचा, रिसेप्शनच्या टेबलावर झोपणारा. त्याचं रक्त जुळलं. त्याला हलकी भूल देऊन मानेच्या शिरेतून पन्नास मिलिलिटर काढलं, आणि ते मोठ्या सिरिंजमधून चिंगीला थेंबाथेंबानं, चार तासांत. शुद्धीवर आल्यावर त्याला अख्खा बांगडा मिळाला. आमच्या घरात पुढचे चार दिवस चर्चा होती की चिंगीला चावला तोही बोका आणि वाचवलं तोही बोका. अण्णा म्हणाले, माणसांतही असंच असतं. मी त्यावर काही बोलले नाही.

बिल झालं एकतीस हजार चारशे. सहाव्या दिवशी घरी आणली. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "माणसांना मिळत नव्हता आणि मांजराला ऑक्सिजन! काय दिवस आलेत." त्यांचं चुकलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. त्या एप्रिलमध्ये त्यांनी आमच्यासाठी सिलिंडर शोधत अर्धं पुणं पालथं घातलं होतं. त्यांनी चिंगीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डबाभर सुरळीच्या वड्या ठेवून गेल्या.

निळ्या डब्यावर आता अण्णांच्या अक्षरात चिकटपट्टी आहे, 'फक्त माणसांसाठी', खाली दोन रेघा. आणि ते औषधाच्या दुकानातलं बिल त्यांनी स्वतःच्या रक्तदाबाच्या फायलीत लावलंय, ईसीजीच्या पुढे. मी विचारलं, तिथे का? म्हणाले, मेडिकल फाइल आहे ना.

डॉक्टरांनी घरी लक्ष ठेवायला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. झोपेत असताना मिनिटाला श्वास तीसच्या आत हवेत, लघवी काळपट नको, हिरड्या गुलाबी हव्यात आणि बोटानं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परतायला हवा. एक आठवडा पुरे, असंही म्हणाल्या होत्या. त्याला आता तीन महिने झाले. अण्णा रोज सकाळी चहाआधी चष्मा लावतात, टॉर्च घेतात आणि चिंगीचा ओठ वर करतात. ती सुरुवातीला अशक्त होती, मुकाट्यानं करू द्यायची. मग गुरगुरायला लागली.

आज सकाळी तिनं त्यांचा हात मनगटापासून अंगठ्यापर्यंत ओरबाडला. मी डेटॉल घेऊन धावले. अण्णा हात नळाखाली धरून उभे होते, साबण चोळत.

"दिसल्या का?" मी विचारलं.

"गुलाबी," ते म्हणाले. "डावीकडच्या राहिल्यात बघायच्या."